गाळणवाफ्याचं माध्यम: आधी निचरा, मग पूरक घटक, खत सगळ्यात शेवटी

पर्जन्यबाग किंवा गाळणवाफा बांधून एक पावसाळा सरला की दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, पाणी दोन-दोन दिवस तुंबून राहतं. दुसरी लवकर लक्षात येत नाही: खालच्या पाइपातून येणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि तपासलं, तर आत शिरलेल्या पाण्यापेक्षा त्यात स्फुरद आणि नत्र जास्त निघतं. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. माध्यम, म्हणजे वाफ्यात भरायचं मिश्रण, तयार करणाऱ्याने बागेची माती तयार केलेली असते: थोडी माती, थोडी वाळू, भरपूर कंपोस्ट.

गाळणवाफा म्हणजे छपराचं, रस्त्याचं, वाहनतळाचं पावसाचं पाणी उतरवून घेणारी खोलगट जागा. ते पाणी वाळूप्रधान थरातून, साधारण ४५० ते ९०० मिमी खोलीतून, गाळत खाली जमिनीत किंवा पाइपात जातं. इथे माध्यमाची किंमत झाडं किती फोफावली यावर ठरत नाही, खालून काय बाहेर पडतं यावर ठरते. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढच्या टप्प्यांचा क्रम आपोआप पटतो.

## टप्पा १: पाण्यातला दोष नेमका ओळखा

पूरक घटक, म्हणजे एखादा दोष अडवायला माध्यमात मिसळायचे जिन्नस, विकत घेण्याआधी एका कागदावर लिहा: पाणी कुठून येतं, आणि त्यातलं काय अडवायचं आहे. "सगळंच" हे उत्तर चालत नाही, कारण एका दोषावरचा उपाय दुसऱ्या दोषाला खतपाणी घालतो.

गाळ आणि गाळाला चिकटून येणारे शिसं, जस्त, तांबं हे धातू साध्या वाळूप्रधान माध्यमाच्या वरच्या थरातच अडकतात. त्यासाठी वेगळा पूरक घटक सहसा लागत नाही. खरी अडचण विरघळलेल्या गोष्टींची असते. विरघळलेला स्फुरद वाळूतून सरळ निघून जातो, त्याला धरायला लोह किंवा ॲल्युमिनियम लागतं. नायट्रेट तर चिकणमातीलाही जुमानत नाही. त्याच्यावर ऋण भार असतो आणि मातीच्या कणांवरही ऋण भार असतो, म्हणून ते पाण्याबरोबर वाहतं. त्याला चिकटवून अडवता येत नाही, जिवाणूंकडून त्याचा वायू करून घ्यावा लागतो. तेल, कीटकनाशकं अशा सेंद्रिय रसायनांसाठी कोळशाच्या जातीचे घटक उपयोगी पडतात.

हे पाणी पुढे गोड्या पाण्याच्या तळ्यात जाणार असेल, तर बहुधा स्फुरद महत्त्वाचा. खाडीत किंवा समुद्रात जाणार असेल, किंवा भूजलात मुरणार असेल, तर नत्राकडे जास्त लक्ष द्या.

थांबा: इंधन किंवा रसायनं हाताळली जातात अशा जागेचं पाणी जमिनीत मुरवू नका. तिथे वाफ्याला तळातून अस्तर हवं आणि पाइपाने बाहेर काढायची सोय हवी. कोणताही पूरक घटक ही गरज टाळू शकत नाही.

## टप्पा २: खालची जमीन किती पाणी पिते ते मोजा

वाफ्याचा तळ जिथे येणार आहे तिथपर्यंत खड्डा खणा, पाणी भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा. मोजायचं ते या दुसऱ्या, जमल्यास तिसऱ्या भरण्याचं. कोरडी जमीन पहिलं पाणी अधाशासारखं ओढते आणि तो आकडा फसवतो.

जिरण्याचा वेग तासाला १२-१५ मिमीपेक्षा कमी असेल, तर खाली सच्छिद्र निचरा पाइप घालायचं ठरवूनच पुढे जा. साधा हिशोब करा: वाफ्यात ३०० मिमी पाणी साचलं आणि जमीन तासाला १२.५ मिमी पीत असेल, तर ते उतरायला २४ तास लागतात. वाफ्यावरचं पाणी २४ ते ४८ तासांत दिसेनासं झालंच पाहिजे. ७२ तासांच्या पुढे डासांच्या अळ्यांना वेळ मिळू लागतो. पावसाळ्यातली भूजलाची सर्वांत वरची पातळी तळापासून निदान ६०० मिमी खाली असावी.

चिकणमातीत वाळू मिसळून ती मोकळी करायचा मोह इथेच होतो. थोडी वाळू मिसळल्याने चिकणमाती मोकळी होत नाही, उलट विटेसारखी घट्ट होते. वाळूचे दाणे एकमेकांना टेकेपर्यंत, म्हणजे मिश्रणात वाळूचंच राज्य येईपर्यंत, दाण्यांमधल्या पोकळ्या चिकणमातीच भरून टाकते. म्हणून खणलेली माती बाजूला काढा आणि माध्यम वेगळं बनवा. जिप्समबद्दलही हेच. सोडियममुळे बिघडलेल्या चोपण जमिनीत ते काम करतं, सगळ्या घट्ट जमिनींवरचं ते औषध नाही.

## टप्पा ३: वाळू, म्हणजे माध्यमाचा सांगाडा

माध्यमाचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग वाळूच असतो. तरी वाळूकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

धुतलेली, बारीक ते जाड अशी सलग प्रतवारी असलेली वाळू घ्या. सगळे दाणे एकाच आकाराचे असतील तर पाणी सुसाट निघून जातं. मधले आकार गायब असतील तर बारीक कण जाड दाण्यांमधून खाली सरकून तळाशी थर धरतात. दगड फोडताना उरलेली कच वाळूच्या जागी वापरू नका. तिच्यातली भुकटी पहिल्या काही पावसांतच पोकळ्या चोंदते. शंख-शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू सामू (pH) वाढवते आणि समुद्राची वाळू क्षार आणते.

पोयटा आणि चिकणमाती मिळून बारीक कणांचं प्रमाण वजनाने ३ ते १२ टक्क्यांत ठेवा. १२ च्या जवळ गेलात की पाणी सावकाश झिरपतं आणि ओल टिकते, ३ च्या जवळ आलात की निचरा जलद होतो पण झाडांची तहान वाढते. पाऊस मुसळधार पडत असेल तर खालचं टोक धरा.

बाटलीची तपासणी: काचेच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश मिश्रण, वर पाणी आणि चिमूटभर भांडी घासायची पावडर घालून जोरात हलवा आणि सपाट जागी ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. पोयट्याला दोनेक तास लागतात. दुसऱ्या दिवशीही जो गढूळपणा उरतो ती चिकणमाती. थरांची जाडी पट्टीने मोजली की ढोबळ प्रमाण कळतं. प्रयोगशाळेतल्या चाळणी चाचणीला हा पर्याय नाही, पण वाईट खेप दारातूनच परत पाठवायला पुरेसा आहे.

## टप्पा ४: सेंद्रिय भाग हात राखून घाला

सर्वांत महागात पडणारी चूक याच टप्प्यावर होते. वाफ्यात येणारं पाणी स्वतःच नत्र-स्फुरद घेऊन येत असतं, त्यामुळे झाडं उपाशी मरत नाहीत. सेंद्रिय भाग हवा तो ओल धरायला, जिवाणूंना घर द्यायला आणि धातू पकडायला. त्यासाठी वजनाने ३ ते ५ टक्के पुरतात, आणि स्फुरद हा मुख्य शत्रू असेल तर त्याहूनही कमी चालतात.

शेणखत, कोंबडीखत, गांडूळखत हे शेतातलं सोनं गाळणवाफ्यात नको. त्यातला स्फुरद वर्षानुवर्षं झिरपत राहतो. पालापाचोळा आणि लाकूड यांपासून झालेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट घ्या. ओल धरणं एवढंच काम असेल तर नारळाचा काथ्याभुसा चालतो, मात्र तो क्षार धुऊन काढलेला हवा.

कंपोस्टचा आणखी एक दोष फारसा कुणी सांगत नाही. त्यातून विरघळून निघणारे सेंद्रिय आम्लांसारखे पदार्थ तांब्याला धरतात आणि स्वतःबरोबर वाहून नेतात. धातू अडवायला म्हणून कंपोस्ट वाढवलं, तर विरघळलेलं तांबं वाढूही शकतं.

तपासणी: ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक. अमोनियाचा झणका किंवा आंबूस वास आला तर ते अजून कच्चं आहे. प्रयोगशाळेत कंपोस्ट आणि तयार मिश्रण दोन्हींचा उपलब्ध स्फुरद मेहलिक-३ सारख्या पद्धतीने तपासून घ्या, आणि अहवालात पद्धतीचं नाव लिहून मागा. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

## टप्पा ५: आता पूरक घटक, आणि शक्यतो एकच

वाळू आणि सेंद्रिय भाग ठरल्यावरच इथे या. चार घटक थोडे थोडे घालण्याची पद्धत मला पटत नाही. पुढे काही बिघडलं तर दोष कुणाचा हे शोधता येत नाही, आणि काही जोड्या एकमेकांच्या मुळावर येतात.

### स्फुरदासाठी लोहाचा भुगा

वाळूच्या वजनाच्या ५ ते ८ टक्के लोहाचा भुगा मिसळला की तो गंजतो आणि त्या गंजावर विरघळलेला स्फुरद चिकटतो. प्रमाण १० टक्क्यांच्या वर नेलं तर गंज दाणे एकमेकांना जोडतो आणि थर चोंदायची भीती असते.

लोहाला हवा लागते. दोन पावसांच्या मध्ये थर निथळून त्यात हवा शिरली पाहिजे. सतत पाण्याखाली राहिलेल्या थरातला प्राणवायू संपतो, गंज विरघळतो आणि धरलेला स्फुरद सुटून पाण्यात जातो. म्हणून लोहाचा थर कायम भिजलेल्या भागात कधीच ठेवायचा नाही, आणि कंपोस्टमध्ये कालवायचाही नाही, कारण कुजणारं सेंद्रिय द्रव्य तोच प्राणवायू खातं. कंपोस्टचा पातळ थर वर, लोहाचा थर त्याखाली, अशी मांडणी ठेवली तर वरून झिरपलेला स्फुरदही खाली अडकतो.

### स्फुरदासाठी तुरटीचा गाळ

पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात तुरटी वापरल्यावर जो गाळ उरतो, त्यातलं ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट धरतं. प्राणवायू कमी झाला तरी ते सोडत नाही, हा लोहापेक्षा मोठा फायदा. पण ताजा, जेलीसारखा गाळ घातलात तर वाफा चोंदलाच समजा. तो पूर्ण वाळवून, फोडून, चाळून वापरायचा. माध्यमाचा सामू फार आम्ल, ५ च्या खाली, जात असेल तर वापरू नका, कारण अशा आम्ल पाण्यात ॲल्युमिनियम विरघळू लागतं.

### नायट्रेटसाठी भिजलेला थर आणि लाकडाच्या ढलप्या

इथे हवा नको असते. निचरा पाइपाचं बाहेरचं तोंड कोपर लावून ३०० ते ४५० मिमी वर उचललं की तळाचा तेवढा भाग कायम पाण्याने भरलेला राहतो. त्यात वाळू-खडीबरोबर कठीण लाकडाच्या ढलप्या मिसळल्या, की जिवाणू ढलप्यांतला कर्ब खातात आणि प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात. नायट्रेटचा नत्रवायू होऊन तो उडून जातो. ताज्या ढलप्यांतून सुरुवातीला रंगीत, वासाचं पाणी येतं, ते काही पावसांत ओसरतं. भुसा घेऊ नका, तो लवकर कुजून बसतो.

लोह आणि ढलप्या दोन्ही हवेच असतील तर लोह वर, हवेशीर भागात, आणि ढलप्या खाली, भिजलेल्या भागात ठेवा. मध्ये साध्या वाळूचा थर द्या. याच्या उलट रचना केली तर दोन्ही घटक फुकट जातात.

### बाकीचे, थोडक्यात

बायोचार (कमी हवेत भाजून केलेला कोळसा): तेल, कीटकनाशकं आणि ओल धरण्यासाठी चांगला, पण साध्या बायोचारकडून स्फुरद-नायट्रेटची अपेक्षा ठेवू नका. लाकडापासून, जास्त तापमानाला केलेला घ्या, कारण शेणा-विष्ठेपासूनचा स्वतःच स्फुरद सोडतो. भुकटी चाळून काढा. घनफळाने १० टक्क्यांपासून सुरुवात करा.

झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज): अमोनियम धरतं. पण धरलेलं अमोनियम कोरड्या दिवसांत जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात आणि पुढच्या पावसात ते धुऊन जातं. खाली भिजलेला थर असेल तरच या खर्चाला अर्थ आहे. पाणी खारट असेल तर सोडियम त्याची जागा अडवतं.

राख आणि धातूच्या भट्टीतली मळी (स्लॅग): सामू खूप वाढवतात आणि त्यांच्यात जड धातू असू शकतात. धुवण-चाचणीचा, म्हणजे पाण्यात त्यांतून काय सुटतं याच्या तपासणीचा, अहवाल हातात आल्याशिवाय हात लावू नका.

## टप्पा ६: नळीतली चाचणी

घटक वेगवेगळे तपासून भागत नाही. जे मिश्रण, जितकं दाबून वाफ्यात जाणार, तेच तपासायचं.

१०० मिमी व्यासाच्या प्लास्टिक पाइपच्या तळाला जाळी आणि थोडी बारीक खडी द्या, वर ६०० मिमी मिश्रण भरा. पहिल्यांदा पाणी खालून वर चढवा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. वरून ओतून लगेच मोजणं ही नेहमीची चूक, आणि हवेच्या बुडबुड्यांमुळे आकडा खोटा कमी येतो.

मग वर १०० मिमी पाणी कायम ठेवा आणि खालून येणारं पाणी मोजा. या व्यासाच्या नळीतून तासाला १ लिटर आलं तर वेग सुमारे १२७ मिमी प्रति तास. वरच्या पाण्याच्या दाबामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त असतो. तासाला १०० ते ३०० मिमी चांगलं. आराखड्यात मात्र चाचणीच्या निम्माच वेग धरा, कारण वाफा बसतो आणि वर गाळ साचतो.

वेग जास्त म्हणजे माध्यम चांगलं, असं नाही. ६०० मिमी खोली, ३५ टक्के पोकळी आणि तासाला २०० मिमी वेग असेल तर पाण्याचा प्रत्येक थेंब माध्यमात सुमारे एक तास राहतो. वेग ६०० झाला तर वीसच मिनिटं मिळतात, आणि विरघळलेले पदार्थ चिकटायला तेवढा वेळ अपुरा पडू शकतो.

दुसरी चाचणी झिरपण्याची. या नळीतल्या पोकळ्यांत साधारण १.७ लिटर पाणी मावतं. स्वच्छ पाण्याच्या अशा दहा भरती, म्हणजे १७ लिटर, सोडा. पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या भरतीचा नमुना घ्या. नळी आठवडाभर वाळू द्या आणि पुन्हा पाणी सोडून पहिला नमुना घ्या. कोरड्या काळानंतरचं हे पहिलं पाणीच सर्वांत बोलकं असतं. दहाव्या नमुन्यातही आत सोडलेल्या पाण्यापेक्षा स्फुरद ठळकपणे जास्त असेल तर मिश्रण बदला. झाडं लावल्यावर ते बदलता येत नाही.

## टप्पा ७: मोजणं आणि मिसळणं

वजनाचे टक्के आणि घनफळाचे टक्के यांची गल्लत करू नका. एक उदाहरण: ८ घनमीटर वाळू, वजन घनमीटरला १,५०० किलो, म्हणजे १२,००० किलो. तिच्यात २ घनमीटर कंपोस्ट, कोरडं वजन घनमीटरला ४०० किलो, म्हणजे ८०० किलो. त्यातला सेंद्रिय भाग ४५ टक्के धरला तर ३६० किलो. घनफळाने २० टक्के दिसणारं हे कंपोस्ट वजनाने सेंद्रिय भाग देतं जेमतेम २.८ टक्के. लोहाचं गणित उलटं चालतं. तो वाळूपेक्षा जड, म्हणून पाटीने मोजलात तर वजनात तो ठरवल्यापेक्षा जास्त पडतो. २० चौरस मीटर वाफ्यात ३०० मिमीचा लोहथर म्हणजे ६ घनमीटर, ९,००० किलो वाळू, तिच्या ५ टक्के म्हणजे ४५० किलो लोह. ते काट्यावरच तोला.

मिसळणं खड्ड्याबाहेर, कडक आणि स्वच्छ जमिनीवर करा. खड्ड्यात थर टाकून फावड्याने ढवळलं की मिश्रण कधीच एकसारखं होत नाही. मिश्रण वापशावर असावं: मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटाने टोचलं तर फुटावा. ओलं मिश्रण घट्ट बसतं आणि कोरड्यात बारीक कण वेगळे होतात. बायोचार आदल्या दिवशी भिजवून ठेवा, नाहीतर तो उडतो, आणि वाफ्यात पाणी साचलं की तरंगतो. ढीग झाकून ठेवा.

## टप्पा ८: भरणं

1. तळ यंत्राच्या दाबाने गुळगुळीत झाला असेल तर दाताळ्याने खरवडून घ्या.
2. धुतलेली खडी आणि तिच्यात निचरा पाइप टाका. खडीची भुकटी धुतली नसेल तर तीच पहिली चोंदते.
3. खडी आणि माध्यम यांच्यामध्ये जाड वाळू किंवा बारीक गोट्यांचा ५० ते १०० मिमी थर द्या. या थराचे सर्वांत बारीक १५ टक्के दाणे ज्या आकाराच्या आत येतात, तो आकार माध्यमाचे ८५ टक्के दाणे ज्या आकाराच्या आत येतात त्याच्या पाचपटीहून मोठा नसावा.
4. माध्यम २०० ते ३०० मिमीच्या थरांत टाका. प्रत्येक थरावर हलकं पाणी शिंपून बसू द्या. रोलर किंवा कॉम्पॅक्टर नको. चालायचं तर फळ्या टाकून चाला.
5. बसण्यासाठी १० ते १५ टक्के माध्यम जास्त तयार ठेवा.

थांबा: खडी आणि माध्यम यांच्यामध्ये आडवं जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) अंथरू नका. बारीक कण त्यावर साचतात आणि चोंदलेलं कापड बदलायला अख्खा वाफा उकरावा लागतो. बाजूच्या भिंतींना ते चालतं.

आणखी महत्त्वाचं: वरच्या बाजूचं बांधकाम, उघडी माती, लावणी पूर्ण होऊन जमीन स्थिर होईपर्यंत वाफ्यात पाणी सोडू नका. उघड्या मातीचा एक जोरदार पाऊस महिनाभराच्या काळजीवर पाणी फिरवतो. वाट पाहावी लागली तरी पाहा, येणारं पाणी वाळूच्या पोत्यांनी दुसरीकडे वळवा.

## टप्पा ९: पहिला पावसाळा

पहिल्या चांगल्या पावसानंतर घड्याळ लावून पाहा, पाणी किती तासांत उतरलं. ४८ तासांनंतरही उभं असेल तर आधी निचरा पाइपाचं तोंड पाहा, मग वरची साय. बहुतेक वेळा चोंदलेला असतो तो फक्त वरचा ५० ते ७५ मिमी भाग. तेवढा खरवडून त्याच मिश्रणाने भरला की वाफा पुन्हा चालू होतो. सगळं माध्यम काढायची घाई करू नका.

झाडं पिवळी दिसली म्हणून युरिया किंवा शेणखत टाकणं हा मिळवलेलं सगळं एका पाटीत घालवायचा मार्ग. पहिल्या वर्षी पाणी द्या, खत नको. हलक्या, निकस जमिनीत तग धरणारी, खोल मुळांची झाडं निवडली असतील तर ती सावरतात. लोहाचा थर वरच असेल तर वर्षातून एकदा गंजाची खपली धरली आहे का पाहून ती दाताळ्याने फोडा.

तयार मिश्रणाची चार-पाच किलोची एक पिशवी बांधून, तारीख आणि प्रमाण लिहून कोरड्या जागी ठेवून द्या. तीन वर्षांनी खरवडलेला थर भरायची वेळ येईल तेव्हा नवीन खेप ताडून पाहायला तीच लागेल.